मोकळे मन

मनाविषयी मराठी भाषेत पुष्कळ वाक्प्रचार आहेत. मन खट्टू होते, मन विटते, मन मोडते, मन खाते, मन रमते, मन धजत नाही, एखाद्या गोष्टीवरून मन उडते. ह्याखेरीज वाक्प्रचारांचा आणखी एक समूह असा आहे, की त्यात मनाचे नावही येत नाही. सारे वर्णन शरीराचे असते. भीतीने हातपाय गळतात. घशाला कोरड पडते, तोंडचे पाणी पळते, छातीत धडकी भरते, अंगावर काटा उभा राहतो आणि पोटात गोळा येतो. हे शब्दप्रयोग ज्या माणसांनी घडवले, त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, उपकरणे नव्हती. परंतु मनात काही घडले की त्याची खूण शरीरावर उमटते, आणि ती नेमकी कोठे उमटते, हे त्यांनी मोठ्या बारकाईने पाहून ठेवले होते. पुढे शास्त्रज्ञांनी शोध केला तेव्हा ह्यांतील बऱ्याच गोष्टी अक्षरशः खऱ्या ठरल्या.

पोटातल्या गोळ्याचेच उदाहरण घ्यावे. रंटगेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि शरीर न कापता आत डोकावण्याची सोय झाली. त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या वॉल्टर कॅनन नावाच्या तरुणाने ह्या किरणांचा एक निराळाच उपयोग केला. त्याने मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न खाऊ घातले. बिस्मथमधून क्ष-किरण सहजासहजी पार होत नाहीत. त्यामुळे पोटातील अन्नाची सावली पडद्यावर पडते आणि जठराची हालचाल प्रत्यक्ष पाहता येते. जठराच्या भिंतीवरून लाटांमागून लाटा सरकत आहेत आणि अन्न घुसळले जात आहे, असे त्याला दिसे. परंतु मधूनच एखादे मांजर घाबरले किंवा चिडले, की त्या लाटा थांबत. मांजराला गोंजारून शांत करावे, ते घुरघुरू लागावे, आणि लाटा पुन्हा सुरू व्हाव्यात! मांजराच्या पोटात कोणताही रोग नव्हता. जे काही झाले होते ते त्याच्या मनात झाले होते. तरीही जठर खरोखरच थांबले होते.

कॅननने हे निरीक्षण १८९८ साली प्रसिद्ध केले. भय आणि क्रोध ह्यांनी शरीरात काय उलथापालथ होते, ह्याचा अभ्यास त्याने पुढे अनेक वर्षे चालवला आणि १९१५ साली त्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या व नंतरच्या शास्त्रज्ञांच्या संशोधनातून जे चित्र उभे राहिले, ते मोठे मनोरंजक आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी असतात. भयाची वार्ता मेंदूस पोहोचताच मज्जातंतूंमार्फत त्यांना आज्ञा जाते, आणि अ‍ॅड्रेनलीन नावाचा स्राव रक्तात मिसळतो. हृदय जोराने धडधडू लागते. यकृतात साठवलेली साखर रक्तात उतरते, म्हणजे स्नायूंना तत्काळ इंधन मिळते. पोटाकडे जाणारे रक्त हातापायांकडे वळवले जाते. संकटाच्या वेळी भाकरी पचवण्याची घाई कोणाला असणार? लाळ कमी होते, म्हणून तोंडचे पाणी खरोखरच पळते. तापणाऱ्या शरीराला थंड ठेवण्यासाठी घाम फुटतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आखडतो आणि अंगावर काटा येतो. मांजर ह्याच युक्तीने केस पिंजारून शत्रूला दुप्पट मोठे दिसते. माणसाच्या अंगावर तेवढे केस उरलेले नाहीत, पण स्नायूंनी आपली सवय सोडलेली नाही.

ही सर्व सिद्धता लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी असते. शेताच्या बांधावरून चालताना पायाशी साप दिसला, तर विचार करण्याच्या आधीच माणूस चार हात मागे उडी घेतो, ती ह्याच यंत्रणेच्या बळावर. म्हणून भय हा शत्रू मानण्याचे कारण नाही. ज्याला कशाचेच भय वाटत नाही, तो फार काळ सुरक्षित राहणार नाही. अडचण एवढीच, की सापाचे भय आणि गणिताच्या परीक्षेचे भय ह्यांत ही यंत्रणा फरक करीत नाही. फळ्यापाशी उभे राहण्याची पाळी आली, तरी हृदय त्याच वेगाने धडधडते आणि पोटात तोच गोळा येतो. साप निघून गेला की शरीर थोड्या वेळात पूर्ववत होते. शाळेतले, घरातले किंवा मैत्रीतले भय मात्र कधी कधी दिवसच्या दिवस आणि आठवडेच्या आठवडे टिकून राहते, आणि शरीर सापासमोर उभे असल्यासारखे सारखे सज्ज राहते. अशाने ते थकते. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, चित्त एका जागी ठरत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मनाचे आरोग्य चांगले असणे म्हणजे सदैव आनंदी असणे, असे पुष्कळांना वाटते. तसे मुळीच नाही. घरातील आजोबा वारले, तर नातवंडांना रडू येईल, काही दिवस घास घशाखाली उतरणार नाही, आणि तसे होणे हेच निरोगी मनाचे लक्षण आहे. खेळाच्या चमूत निवड झाली नाही म्हणून एखादा मुलगा दोन दिवस घुम्यासारखा बसला, तर त्यात काही बिघडले नाही. शिवाय अकरा ते तेरा हे वयच असे आहे, की सकाळी हसू आणि दुपारी आसू. कपाळामागे असलेला मेंदूचा जो भाग भावनांना आवर घालतो, त्याची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालूच असते. तेव्हा घडीघडीस मन बदलते म्हणून कोणी स्वतःला दोष देऊ नये. मोठ्यांनीही देऊ नये.

मग काळजी केव्हा करावी? हे समजण्यासाठी एका मुलीची हकीकत पाहू. वडिलांची बदली झाल्यामुळे ती वऱ्हाडातील एका गावाहून पुण्यास आली आणि सातवीच्या वर्गात दाखल झाली. पहिले आठ-दहा दिवस तिला गावाची आठवण येई. तसे ते कोणालाही येईल. पण महिना उलटला तरी तिचे मन लागेना. शाळेच्या दिवशी सकाळी तिचे पोट दुखे. रविवारी मात्र दुखत नसे. डॉक्टरांनी तपासून पोटात काही दोष नाही असे सांगितले. तेव्हा घरातील एकाने ‘ढोंग’ हा शब्द उच्चारला, आणि तो तिने ऐकला. त्यानंतर तिने पोटदुखीविषयी बोलणेच बंद केले. गावी असताना तिला चित्रे काढण्याचा नाद होता. ती रंगपेटी आता उघडली जात नव्हती. रात्री उशिरापर्यंत ती जागी असे. धाकट्या भावाने पेन्सिल घेतली एवढ्यावरून ती त्याच्या अंगावर धावून जाई. काय झाले म्हणून विचारले, की एकच उत्तर येई: “काही नाही.”

ढोंग म्हणणाऱ्याने तिच्यावर मोठा अन्याय केला. कॅननचे मांजर ढोंग करीत नव्हते. तसेच ह्या मुलीचे पोटही खरोखरच दुखत होते. दुखण्याचे मूळ पोटात नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. तिच्या हकीकतीत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. दुःख एक-दोन दिवसांत ओसरले नाही, ते आठवड्यांमागून आठवडे राहिले. ते एका जागी राहिले नाही. झोप, जेवण, अभ्यास आणि भावाशी असलेले नाते ह्या सर्वांत शिरले. आणि पूर्वी ज्यात मन रमत असे, त्यावरूनही ते उडाले. ही शेवटची खूण फार महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच नजरेतून निसटते; कारण रडणारे मूल सर्वांना दिसते, पण न उघडलेली रंगपेटी कोणाच्या लक्षात येत नाही. त्याचप्रमाणे मुलांचे दुःख पुष्कळदा दुःखाच्या रूपात येतच नाही, ते रागाच्या रूपात येते. उगाच चिडणारा, वस्तू आपटणारा मुलगा उद्धट आहे असे सर्वजण धरून चालतात. तो आतून खचलेला असेल, अशी शंका क्वचितच कोणाला येते.

अशा वेळी लोक सल्ला देतात: “विसरून जा. मनावर घेऊ नकोस. त्याचा विचारच करू नकोस.” सल्ला प्रेमाने दिलेला असतो, परंतु तो पाळता येण्याजोगा नसतो. आपल्याकडे एक जुनी गोष्ट सांगतात. एका वैद्याने रोग्याला औषधाची पुडी दिली आणि बजावले, की औषध घेताना माकडाची आठवण तेवढी करू नये. झाले! रोगी पुडी हातात घेई आणि डोळ्यांसमोर माकड उभे राही. त्याला ते औषध कधीच घेता आले नाही. ही गोष्ट हसण्यासाठी सांगितली जाते, पण १९८७ साली डॅनियल वेग्नर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ हाच प्रयोग केला. माकडाच्या जागी त्यांनी पांढरे अस्वल घेतले. विद्यार्थ्यांना सांगण्यात आले, की पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर समोरची घंटा वाजवा. घंटा वारंवार वाजत राहिली. पुढे अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा आधी तो दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात तो इतरांपेक्षा अधिक वेळा आला. दडपलेला विचार नाहीसा होत नाही, तो दाराशी बसून राहतो.

तर मग दडपण्याऐवजी करावे काय? पहिली गोष्ट अगदी साधी आहे. जे वाटते त्याला नाव द्यावे. कॅलिफोर्नियातील मॅथ्यू लिबरमन ह्या शास्त्रज्ञाने २००७ साली ह्याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. रागावलेल्या किंवा भ्यालेल्या चेहऱ्यांची चित्रे माणसांना दाखवून त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे कार्य यंत्राने पाहिले. चित्र नुसते पाहिले, तर मेंदूतील बदामाच्या आकाराचा एक छोटासा भाग, जो भयाची सूचना देतो, तो खळबळून उठे. परंतु त्या भावनेला योग्य शब्द निवडून दिला, की ती खळबळ कमी होई. म्हणजे शब्द सापडणे हाच शांत होण्याचा आरंभ ठरतो. ह्या बाबतीत मराठी बोलणाऱ्या मुलांना तक्रारीला जागा नाही. ‘वाईट वाटते’ एवढ्या दोन शब्दांवर सगळे भागवण्याचे कारण काय? हिरमुसणे निराळे आणि खजील होणे निराळे. हुरहूर, तगमग, घालमेल, धास्ती, चीड, हेवा, पश्चात्ताप, एकटेपणा: ह्यांतील प्रत्येक शब्द मनाची निरनिराळी अवस्था दाखवतो आणि प्रत्येकीचा उपायही निराळा असतो. खजील झालेल्याला क्षमा हवी असते, एकट्या पडलेल्याला सोबत हवी असते. ज्याला आपल्याला हेवा वाटत आहे हे कळले, तो निदान मित्रावर विनाकारण रागावत तरी नाही.

शरीराची काळजी घेतल्यानेही मनाला बळ येते, हे सर्वांनी ऐकलेले असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि त्याहून मोठ्यांना आठ ते दहा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. उशाशी फोन ठेवून झोपणाऱ्यांना ती क्वचितच मिळते. रोज तासभर धावणे, खेळणे, घाम गाळणे हेही तितकेच अगत्याचे. श्वासाचा गुण मात्र ज्याने त्याने स्वतः पडताळून पाहावा. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटे ठेवून नाडी शोधावी आणि सावकाश श्वास घ्यावा व सोडावा. आत घेताना नाडी किंचित जलद चालते आणि बाहेर सोडताना मंदावते, असे पुष्कळांना बोटांखाली जाणवते. म्हणूनच घाबरगुंडी उडाली असता श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावा. साप नाही, पेपर आहे, ही बातमी हृदयाला ह्या मार्गाने पोहोचवता येते.

तथापि काही गाठी अशा असतात, की त्या एकट्याने सुटत नाहीत. दुसऱ्या माणसाची गरज लागते. ती गरज किती खरी आहे, हे आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात घडलेल्या एका गोष्टीवरून कळून येईल.

झिंबाब्वेची राजधानी हरारे. २००५ साली तेथील सरकारने शहरांतील झोपड्या आणि लहान दुकाने पाडून टाकली. सुमारे सात लाख लोकांचे घर किंवा उपजीविकेचे साधन गेले, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा अंदाज होता. हरारेतील म्बारे ह्या दाट वस्तीच्या गरीब भागात दुःखाला पारावार उरला नाही. त्या वेळी साऱ्या देशात मनोरोगतज्ज्ञ इतके थोडे होते, की ते बोटांवर मोजता आले असते. डिक्सन चिबांडा हे त्यांतील एक. त्यांच्या उपचाराखाली असलेली एक तरुणी त्याच वर्षी दगावली. ती रुग्णालयात का आली नाही, असे त्यांनी तिच्या आईला विचारले. बसभाड्याचे १५ डॉलर जमले नाहीत, असे उत्तर मिळाले. हे उत्तर चिबांडा ह्यांच्या मनाला लागले. रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचू शकत नसेल, तर रुग्णालयात बसून वाट पाहण्यात काय अर्थ?

परंतु म्बारेच्या दवाखान्यात त्यांना देण्याजोगी खोली नव्हती, आणि कामात बुडालेल्या परिचारिकांपैकी एकही मोकळी नव्हती. मोकळ्या होत्या त्या वस्तीतील चौदा आज्या. दवाखान्याच्या वतीने घरोघर जाऊन आरोग्याची माहिती देण्याचे काम त्या आधीपासून करीत असत. शिक्षण बेताचे, परंतु वस्तीतील घर न् घर त्यांच्या ओळखीचे, आणि पुष्कळांची दुःखे त्यांनी स्वतः भोगलेली. चिबांडा ह्यांनी २००६ साली ह्या आज्यांना शिकवून तयार केले. खोली नव्हती, म्हणून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक ठेवण्यात आला. प्रारंभी त्याला मानसिक आरोग्याचा बाक असे नाव दिले होते. त्यावर बसायला कोणी येईना! आपल्याला वेडा म्हणतील, ही भीती सर्वांना. तेव्हा नाव बदलण्याची सूचना आज्यांनीच केली, आणि तो मैत्रीचा बाक झाला. डॉक्टरांच्या बोजड शब्दांनाही त्यांनी रजा दिली. उदासीनतेच्या आजाराला त्यांच्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात. त्याचा अर्थ अतिविचार. हा शब्द कोणालाही कळतो आणि तो उच्चारताना कोणाला लाज वाटत नाही.

बाकावर येणाऱ्याला प्रथम चौदा प्रश्न विचारले जात. गेल्या आठवड्यात फार विचार करीत बसावे लागले का, झोप नीट लागली का, रडावेसे वाटले का, अशा प्रकारचे ते प्रश्न असत. नंतर आजी ऐकत असे. ह्या पहिल्या पायरीचे शोना नाव ‘कुव्हुरा प्फुंग्वा’ असे आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ मन उघडणे असा होतो. मन मोकळे करणे हा मराठी वाक्प्रचार आणि हजारो कोस दूर असलेल्या लोकांचा हा शब्द ह्यांत किती साम्य आहे! सर्व ऐकून झाल्यावर आजी उपदेशाचे पाल्हाळ लावत नसे. समोरच्याने आपल्या सगळ्या अडचणी एकामागून एक मोजायच्या. मग त्यांतून एकच निवडायची. निवड त्याची, आजीची नव्हे. त्या एका अडचणीवर पुढच्या भेटीपर्यंत कोणते छोटे पाऊल उचलता येईल, एवढेच दोघांनी मिळून ठरवायचे. अशा सहा भेटी होत. जिवाला धोका आहे अशी शंका आली, तर आजी त्या माणसाला अधिक जाणत्या व्यक्तीकडे पाठवी.

बाकावर बसून बोलल्याने आजार बरा होतो काय, असा प्रश्न कोणीही विचारील, डॉक्टरांनीही विचारला. म्हणून हरारेतील २४ दवाखान्यांत ५७३ रुग्णांवर रीतसर चाचणी घेण्यात आली. अर्ध्या दवाखान्यांत नेहमीचे उपचार चालू ठेवले, अर्ध्यांत बाकाची योजना केली. सहा महिन्यांनंतर पाहिले, तो नेहमीच्या उपचारांच्या रुग्णांपैकी शंभरांत सुमारे पन्नास जणांत उदासीनतेची लक्षणे होती, आणि बाकावर बसलेल्यांपैकी शंभरांत चौदा जणांत. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला, आणि नंतर असे बाक इतर देशांतही मांडले गेले.

आज्यांच्या कौशल्यातील सर्वांत अवघड भाग कोणता असावा? गप्प बसणे. मित्र दुःख सांगू लागला, की “ह्यात काय एवढे! माझे तर...” असे म्हणून आपलीच कहाणी सुरू करण्याचा मोह अनावर होतो. तो आवरला, तर बारा वर्षांच्या मुलालाही मित्रासाठी पुष्कळ करता येते. एका बाबतीत मात्र मित्राचे गुपित गुपित ठेवू नये. जगणे नकोसे झाले, किंवा घरात अथवा बाहेर कोणी आपल्याला इजा करीत आहे, असे त्याने सांगितले, तर ती गोष्ट त्याच दिवशी विश्वासाच्या एखाद्या मोठ्या माणसाच्या कानांवर घातली पाहिजे. मित्र रागावेल, रागावू द्यावे.

भारतातही ह्या विषयाकडे पाहण्याची दृष्टी पालटली आहे. १९१२ सालच्या कायद्याच्या नावातच वेडेपणाचा उल्लेख होता. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मात्र मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. तापासाठी डॉक्टरकडे जावे तसे मनाच्या आजारासाठी जावे, त्यात कमीपणा नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारने टेलिमानस ही सेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

पुण्यातील त्या मुलीला फोन करावा लागला नाही. दिवाळीत तिची आत्या गावाहून आली. दुपारी दोघी ओसरीवर वाटाणे सोलीत बसल्या होत्या. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलगी खाली पाहूनच म्हणाली, “आत्या, माझं पोट खरंच दुखते. मी ढोंग नाही करून राहिली.”

“दुखत असलंच पाहिजे,” आत्या म्हणाली. “केव्हापासून दुखून राहिलं, ते सांग बरं.”

आणि मग सर्व बाहेर आले. ‘करून राहिली’, ‘जाऊन राहिली’ असे ती बोलली, की वर्ग हसतो. म्हणून तिने वर्गात बोलणे सोडले. बोलत नाही म्हणून मैत्रीण नाही, आणि मैत्रीण नाही म्हणून मधल्या सुट्टीत डबा एकटीने खावा लागतो. सकाळी पोट दुखू लागते ते त्या सुट्टीच्या आठवणीने. आत्याने वाटाण्यांचे तीन दाणे वेगळे काढून तिच्यापुढे ठेवले आणि ह्यांतले आधी कोणते उचलायचे, असे विचारले. मुलीने डब्याचे उचलले. पलीकडच्या रांगेत एक मुलगी वहीच्या कडेला सदैव पक्षी काढीत असते, हे तिने पाहून ठेवले होते.

शाळा उघडली. पहिल्या दिवशी तिला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशीही झाला नाही. तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊन त्या रांगेपाशी जाऊन नुसतीच उभी राहिली. पक्षी काढणाऱ्या मुलीने वर पाहिले आणि सरकून जागा दिली. त्या आठवड्यात पोट आणखी दोनदा दुखले. शनिवारी संध्याकाळी आईला रंगपेटी उघडी दिसली. हिरवा रंग सांडला होता आणि जमिनीला डाग पडला होता.